चांदणी कोणाला द्यावी?

सदर : अंगण आणि आरोग्य



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी दोनदा वाचले. ते एका आजींचे आहे. त्यांचा नातू नऊ वर्षांचा. त्याच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या तासाला यंदा नवी पद्धत सुरू झाली आहे. धावण्यात पहिला येणाऱ्यास जसे गुण मिळतात, तसेच पडलेल्या सवंगड्यास हात देणाऱ्यास, पंचांचा निर्णय निमूट मानणाऱ्यास आणि हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन करणाऱ्यासही मिळतात. गुणांच्या चांदण्या होतात आणि चांदण्यांची पदके. नातू रोज घरी येऊन मोठ्या उत्साहाने हिशेब सांगतो, आणि आजींनाही त्याचे कौतुक वाटते. परंतु परवा आजींच्या हातून चष्मा खाली पडला. तो उचलून देताना नातवाने सहज विचारले, "आजी, याचे किती पॉइंट?" आजींनी पत्राच्या शेवटी एकच प्रश्न लिहिला आहे : हे संस्कार म्हणावेत की लाच?

मी तीस वर्षे शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजविली. निवृत्तीनंतर आता घरी पत्नीची शुश्रूषा आणि नातीचा सांभाळ ही दोन कामे माझ्याकडे आहेत. शाळेत आणि घरी, दोन्ही ठिकाणी मी अशा चांदण्या वाटून पाहिल्या आणि दोन्ही ठिकाणी चुकलो. त्यामुळे ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे मला जमणार नाही. आपण थोडा वेळ माझ्यासोबत चालावे, ही विनंती.

पटावरील शिड्या आणि साप

नातवाच्या शाळेत जे चालले आहे त्यास सध्या 'गेमिफिकेशन' असे म्हणतात. आपण त्यास क्रीडारूपीकरण म्हणू. गुण, पातळ्या, पदके, गुणफलक हे खेळाचे घटक उचलून जे मुळात खेळ नाही अशा कामाला जोडावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मोबाईलमध्ये दिवसभराची पावले मोजून सायंकाळी 'शाबास' म्हणणारी जी सोय असते, तीही ह्याच जातीची. शारीरिक शिक्षणाच्या तासाला खेळ तर असतोच. तेथे नवी गोष्ट ही, की वर्तनालाही गुण मिळतात. एकाच मैदानावर जणू दोन खेळ चालू असतात : एक चेंडूचा आणि दुसरा वागणुकीचा.

ही कल्पना परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे मोक्षपट होता. सद्गुणाच्या घरात शिडी आणि दुर्गुणाच्या घरात साप, अशी त्याची मांडणी. कवड्या टाकीत, चढत आणि घसरत, शेवटच्या घरापर्यंत पोहोचावयाचे. महाराष्ट्रात ह्या पटाचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वर माउलींशी जोडला जातो. भारतात इतरत्र तो ज्ञानचौपड ह्या नावाने खेळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि तेथून सापशिडी होऊन जगभर पसरला. त्या प्रवासात एक गोष्ट घडली. घरांवरची सद्गुण-दुर्गुणांची नावे हळूहळू पुसली गेली आणि केवळ आकडे उरले. आज आपली नातवंडे सापशिडी खेळतात, तेव्हा नव्याण्णवच्या आसपासचा साप त्यांना ठाऊक असतो. परंतु तो साप कोणत्या दोषाचा, हे कोणी त्यांना सांगत नाही.

क्रीडारूपीकरणातील मोठा धोका मला ह्या जुन्या पटातच दिसतो. मूल्य आणि आकडा एका घरात राहू लागले, की कालांतराने मूल्य घर सोडते आणि आकडा तेवढा मागे राहतो. आजींच्या नातवाने चष्म्याचे 'पॉइंट' विचारले, तेव्हा त्या पटावरचे एक नाव पुसले जाऊ लागले होते.

खेळ आपोआप काही शिकवीत नाही

"मुलांना मैदानावर सोडा, खेळ त्यांना सारे शिकवील" असे आपण पुष्कळदा ऐकतो. मीही ते वर्षानुवर्षे पालकसभांत म्हणत आलो. परंतु ते पूर्णतः खरे नाही. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह ह्या वनोद्यानात, मुझफ्फर शरीफ ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरविले. मुले चांगल्या घरची, निरोगी, एकमेकांस अनोळखी. त्यांचे दोन गट करून त्यांना प्रथम वेगवेगळे ठेवले. नंतर दोन गटांत सामने लावले : बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणे. प्रत्येक सामन्याचे गुण फलकावर चढत. जिंकणाऱ्या गटास चषक आणि प्रत्येक मुलास चाकूचे बक्षीस. काही दिवसांतच शिवीगाळ सुरू झाली, निशाणे जाळली गेली, एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. मुले वाईट नव्हती. गुणफलकाची रचनाच अशी होती, की एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानी.

पुढे हे वैर निवविण्यासाठी दोन्ही गटांस एकत्र जेवू घातले, एकत्र चित्रपट दाखविला. त्याने फारसे साधले नाही. मग शिबिराचे पाणी बंद पडल्याचा बनाव करण्यात आला, आणि ते चालू करावयास सर्वांनी मिळून शोध घेणे भाग पडले. त्यानंतर एके दिवशी जेवणाचे सामान आणणारा ट्रक सुरू होईना. मुलांनी दोर बांधून तो मिळून ओढला. तो दोर रस्सीखेचीचाच होता. आदल्या आठवड्यात ज्या दोराच्या दोन टोकांना दोन गट परस्परविरुद्ध उभे होते, त्याच दोराला आता सारे एका बाजूने लागले. अशा अनेक सामाईक कामांनंतर वैर ओसरले. मुलांना न सांगता त्यांच्यावर असा प्रयोग करणे आज कोणी उचित मानणार नाही. परंतु त्यातील धडा विसरण्यासारखा नाही. दोर तोच असला तरी तो कोणत्या बाजूने ओढावयाचा हे खेळ मांडणारा ठरवितो, आणि घरात खेळ मांडणारे आपण असतो.

पाच पायऱ्या

मैदानावरून मूल्ये कशी शिकवावीत ह्याचा सर्वांत पद्धतशीर विचार माझ्या वाचनात आला तो डॉन हेलिसन ह्या अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञाचा. १९७० च्या दशकापासून त्यांनी वंचित वस्त्यांतील मुलांसोबत काम केले. पुढे त्यांचे बरेचसे काम शिकागो शहरात झाले. त्यांनी मुलांपुढे जबाबदारीच्या पाच पायऱ्या ठेवल्या. पहिली, दुसऱ्याच्या हक्कांचा आणि भावनांचा मान राखणे. म्हणजे जीभ आणि हात आवरणे. दुसरी, प्रयत्न करणे आणि कंटाळा आला तरी सहभाग न सोडणे. तिसरी, कोणी लक्ष ठेवून नसताना स्वतःचे काम स्वतः चालविणे. चौथी, दुसऱ्यास साहाय्य करणे आणि वेळ पडल्यास पुढाकार घेणे. पाचवी आणि सर्वांत कठीण पायरी म्हणजे हे सारे मैदानाबाहेर, घरात आणि रस्त्यावर नेणे.

पायऱ्यांची कल्पना खेळातील पातळ्यांसारखीच आहे. परंतु हेलिसन यांच्या पद्धतीत तास संपताना शिक्षक गुण जाहीर करीत नाही. मुले गोल बसतात आणि आजचे आपले वर्तन कसे होते हे स्वतःच अंगठ्याने दाखवितात : वर, आडवा किंवा खाली. मुलाने आपलाच अंगठा खाली केला, तर कोणी त्यास रागे भरत नाही. आज काय झाले, एवढेच विचारतात. ही मोजणी मुलाच्या आत चालते, आणि मला तीत पुष्कळ शहाणपण दिसते.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळांची सांगड अध्यापनाशी घालण्याचा विचार आहे. देशी खेळांसह शारीरिक उपक्रमांतून सहकार्य, स्वयंशिस्त, संघभावना, जबाबदारी आणि नागरिकत्व वाढीस लागावे, असे तेथे म्हटले आहे. देशी खेळ म्हटले की मला प्रथम खो-खो आठवतो. पाठलाग करणारा मैदानात कितीही वेगाने धावला, तरी त्यास दिशा बदलून मागे फिरता येत नाही. बसलेल्या गड्यास पाठीमागून स्पर्श करून, 'खो' म्हणून, आपला डाव त्याच्या स्वाधीन करावा लागतो. बसलेल्या आठ जणांना 'खो' मिळेपर्यंत उठता येत नाही. योग्य क्षणी दुसऱ्याच्या हाती काम सोपविणे आणि आपली पाळी येईपर्यंत सज्ज राहून थांबणे, हे दोन्ही गुण त्या खेळाच्या नियमांतच आहेत. आपण वृद्धांनीही हे दोन्ही पुन्हा एकदा शिकावेत, असे मला अलीकडे फार वाटते.

पंच नसलेला खेळ

वर्तनाला गुण देण्याची जगन्मान्य पद्धत पाहावयाची असेल, तर 'अल्टिमेट' हा खेळ पाहावा. प्लास्टिकची तबकडी झेलत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीपर्यंत न्यावयाची, असा हा खेळ आता भारतातही अनेक शहरांत खेळला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे, की सर्वसाधारणपणे त्यात पंच नसतात. धक्का लागला, तबकडी रेषेबाहेर पडली, तर निर्णय खेळाडूंनीच आपापसांत करावयाचा. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिस्पर्धी संघास खिलाडूवृत्तीचे गुण देतो. मुद्दे पाच आहेत : नियमांचे ज्ञान आणि पालन, धसमुसळेपणा टाळणे, निःपक्षपातीपणा, संयम व आनंदी वृत्ती, आणि संवाद. प्रत्येक मुद्द्यास शून्य ते चार गुण. नेहमीचे चांगले वागणे म्हणजे दोन गुण, त्याहून विशेष काही घडले तरच अधिक. ह्या गुणांचे पारितोषिक स्पर्धेच्या विजेतेपदाहून वेगळे असते.

ह्या रचनेत तीन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटतात. येथे गुण देणारा वरिष्ठ नसतो. ज्याच्याशी आपण वागलो तोच गुण देतो. गुण व्यक्तीस न मिळता संघास मिळतात. आणि साधी सभ्यता हा अपवाद न मानता नेहमीचा पाया मानलेला आहे. चष्मा उचलून देणे हे त्या मापाने दोन गुणांचेच काम. त्यासाठी टाळ्या वाजवावयाच्या नसतात.

गुण कोठे घात करतात

आता दुसरी बाजू. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट ह्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, जो तेव्हापासून शिक्षणशास्त्रात वारंवार सांगितला जातो. बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर फितीचे सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर बक्षीस ठरवून ज्यांनी चित्रे काढली होती, ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांजवळ बसत होती. जे काम आनंदाचे होते ते मोबदल्याचे झाले, आणि मोबदला थांबताच त्यातील गोडी उणावली. अनपेक्षित कौतुकाने मात्र असा अपाय झाला नाही.

मोठ्यांच्या खेळातही हेच दिसते. २०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जपान आणि सेनेगल हे संघ गुण, गोल आणि परस्परांतील सामना ह्या सर्वांत बरोबरीत होते. तेव्हा खिलाडूवृत्तीचे गुण पाहिले गेले. जपानला पिवळी कार्डे चार आणि सेनेगलला सहा, म्हणून जपान पुढे गेला. ऐकावयास किती छान! परंतु त्या अखेरच्या सामन्यात जपान पोलंडविरुद्ध एका गोलने मागे होता. दुसऱ्या मैदानावरचा निकाल आपल्या सोयीचा आहे हे कळल्यावर शेवटची सुमारे दहा मिनिटे जपानी खेळाडू चेंडू आपापसांतच फिरवीत राहिले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. खिलाडूवृत्तीच्या गुणांसाठी खेळच थांबला होता. आणि गंमत अशी, की त्याच स्पर्धेत जपानी प्रेक्षक सामन्यानंतर स्टेडियममधील कचरा गोळा करीत होते, आणि पुढे बेल्जियमकडून हरल्यावर त्याच संघाने आपली खोली स्वच्छ करून यजमानांसाठी रशियन भाषेत आभाराचा शब्द लिहून ठेवला होता. त्या कचऱ्याला किंवा त्या शब्दाला कोणी गुण दिले नव्हते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या मधल्या वर्षांत मी क्रीडासाहित्याच्या खोलीबाहेर एक सद्वर्तन-फलक लावला होता. पडलेल्यास उचलले, चांदणी. साहित्य जागेवर ठेवले, चांदणी. महिनाभरात मैदान सुधारले असे मला वाटले. नंतर ध्यानात आले, की एखादा मुलगा पडला तर तिघे त्याच्याकडे धावत आणि आधी कोणी उचलले ह्यावर भांडत. पडलेल्याचा गुडघा तसाच राही. वर्षअखेरीस मी चांदण्या वाचून दाखविल्या. सहावीतील एका अबोल मुलीच्या नावापुढे एकच चांदणी होती. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी आमच्या शिपाईमामांनी मला सांगितले, की वर्षभर मैदान आखण्याआधी फक्कीचा डबा भरून ठेवणारी आणि तास संपल्यावर मागे राहून गाद्या गुंडाळणारी तीच मुलगी होती. मी तोवर शिट्टी गळ्यात अडकवून शिक्षकांच्या खोलीत गेलेला असे. माझ्या फलकावर मला दिसलेले तेवढेच चढत होते. त्या मुलीने पुढील वर्षी गाद्या गुंडाळणे सोडले. मी तो फलक काढला; परंतु तिची क्षमा मागावयाचे धैर्य मला झाले नाही. ते राहून गेले.

घरातील सामना

अडीच वर्षांपूर्वी माझ्या पत्नीस पक्षाघात झाला. डाव्या हातातील शक्ती पुष्कळ अंशी गेली. भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी जे व्यायाम दिले, त्यांत कापडी चेंडू दोन्ही हातांनी झेलणे आणि टाकणे हाही होता. तो व्यायाम करावयाचा पत्नीस मनस्वी कंटाळा. मी नातीस मदतीला घेतले. ती तेव्हा सात वर्षांची, आणि कोणत्याही खेळात हरली की पट उधळणारी. मी दोघींचा सामना लावला : चेंडू ज्याच्या हातून पडेल त्याचा एक गुण वजा. तीन दिवसांत नात प्रत्येक डाव जिंकू लागली आणि पत्नीने खुर्चीवर बसणेच सोडले. मुलीला जोराने, कडेला चेंडू टाकण्याचा मोह आवरत नव्हता. खेळ मी मांडला होता, तेव्हा दोष तिचा नव्हता.

मग मी नियम बदलला. चेंडू न पडता दोघींनी मिळून किती झेल घेतले, एवढेच मोजावयाचे, आणि आकडा दोघींचा मिळून एकच. पहिल्या दिवशी तो चार झाला. आठवड्याने अकरा. माझ्या नातीने कोणी न सांगता एक गोष्ट शोधून काढली : चेंडू आजीच्या उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, हळू टाकला तर तो पडत नाही. मग तिने टाकण्यापूर्वी आजीच्या डोळ्यांकडे पाहावयास सुरुवात केली. "आजी, तयार?" असे विचारल्याशिवाय ती चेंडू सोडीत नसे. दुसऱ्याच्या दुबळेपणाचा अंदाज घेऊन आपली ताकद आवरणे, हे मी मैदानावर तीस वर्षे शिकवू पाहत होतो.

इतके चांगले चालले असता माझ्यातला जुना शिक्षक जागा झाला आणि मी नातीस रोजची एक चांदणी देऊ लागलो. पंधरा दिवसांनी चांदण्यांची पाकिटे संपली. त्या सायंकाळी ती दारातूनच म्हणाली, "आजोबा, स्टार नसेल तर आज नको ना खेळायला?" पत्नीने ते ऐकले. मी पुन्हा चांदण्या आणल्या नाहीत. दोन-तीन दिवस नात फुरंगटली. चौथ्या दिवशी पत्नीनेच तिला हाक मारली, "अगं, आपला आकडा कालपासून तेवीसवरच अडलाय." ती आली. सध्या त्यांचा उच्चांक एकेचाळीस आहे. पत्नीचा हात पूर्ववत झालेला नाही, आणि होईल असे आम्हांला कोणी सांगितलेलेही नाही. परंतु सायंकाळी साडेपाचला ती आपण होऊन खुर्चीत सरळ बसते.

आपल्या अंगणासाठी

ह्या साऱ्यातून मला जे हाती लागले, ते आपल्यासमोर ठेवतो. आपण आपल्या घराप्रमाणे त्यात फेरफार करावेत.

पहिले, शक्य तेथे आकडा सामाईक ठेवावा. आजोबा विरुद्ध नात असा गुणफलक न मांडता दोघांचा मिळून उच्चांक मांडावा. स्पर्धा हवीच असेल, तर ती कालच्या आपल्याच आकड्याशी असावी.

दुसरे, वर्तनाला गुण द्यावयाचेच असतील, तर ते थोड्या दिवसांसाठी द्यावेत आणि एका वेळी एकाच सवयीला द्यावेत. उदाहरणार्थ, हा पंधरवडा 'पंचांशी वाद न घालण्याचा'. सवय रुजू लागली की गुण हळूहळू थांबवावेत. तीन-चार आठवड्यांवर फलक भिंतीवर राहिला, तर बहुधा मूल फलकाकडेच पाहू लागते.

तिसरे, गुण मुलाने स्वतः द्यावेत. खेळ संपल्यावर दोन मिनिटे बसून "आज तुझा अंगठा कुठे?" एवढे विचारावे. आणि मग आपलाही अंगठा दाखवावा. पत्त्यांत आपण नातवाची पाने चोरून पाहिली असतील, तर तो खाली करावा. आजोबा चुकतात आणि कबूल करतात, हे मुलांना दिसणे फार मोलाचे असते.

चौथे, बक्षीस आधी कबूल करू नये. मनापासून वाटले, तर नंतर नेमक्या शब्दांत सांगावे. "किती गुणी बाळ" ह्याहून "तू त्या लहानग्याला पुन्हा एक डाव दिलास, ते मी पाहिले" हे वाक्य अधिक काळ टिकते.

पाचवे, जे आपल्या नजरेआड घडते त्याचीही चौकशी ठेवावी. गाद्या कोणी गुंडाळल्या, हे विचारण्याची सवय मला उशिरा लागली.

आता आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारे विविध व्यायाम करावेत. नातवंडांसोबतच्या खेळात दोघांचाही काही वाटा भरून निघतो. मात्र सावधगिरी हवी. बसून खेळताना खुर्ची हातांची आणि चाके नसलेली असावी. पाय पूर्ण जमिनीवर टेकलेले असावेत. चेंडू कापडी किंवा मऊ स्पंजाचा घ्यावा. जमिनीवरील सतरंजीचे कोपरे आणि विखुरलेली खेळणी आधी उचलावीत. हे काम नातवंडाकडे द्यावे, तोही खेळाचाच भाग आहे. चक्कर, छातीत दडपण किंवा धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे. पक्षाघात, हृदयविकार, सांध्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कोणता खेळ चालेल हे आपल्या डॉक्टरांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना आधी विचारावे. घरात स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर आकडा मोजूच नये. चेंडू हातातून हातात फिरणे एवढाच खेळ पुरेसा असतो, आणि मुलांना ते समजावून सांगितले तर समजते.

आजी, आता आपल्या प्रश्नाकडे येतो. शाळेची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. नऊ वर्षांच्या मुलास चांगले वागणे म्हणजे नेमके काय, हे त्या चांदण्यांनी निदान दाखविले. पडलेल्यास हात द्यावयाचा असतो, हे त्यास ठाऊक झाले. ही पहिली शिडी आहे. तेथेच थांबले तर ती लाच ठरेल, आणि पुढे नेली तर संस्कार होईल. पुढे नेण्याचे काम मात्र शाळेच्या फलकाने होणार नाही. ते पाचव्या पायरीचे काम आहे आणि पाचवी पायरी आपल्या घरात आहे. नातवाने पुन्हा गुण विचारले, तर त्यास रागावू नये. चष्मा डोळ्यांवर चढवून एवढेच म्हणावे, "पॉइंट नाहीत रे, पण आता तू मला नीट दिसतोस." मग काय होते ते मला अवश्य कळवावे.

पुढील अंकी जिन्याच्या पायऱ्या आणि आपले गुडघे ह्यांविषयी बोलू.